उडीच्या जाळीचे नाव

गेल्या यात्रेत आमच्या नातवाने बोट दाखवून विचारले, "आजोबा, याला काय म्हणतात हो?"

आम्ही पाहिले. एक मोठी लोखंडी चौकट होती. तिच्यात जाड कापड ताणून बसवले होते. त्यावर मुले चेंडूसारखी वर उडत होती. खेळवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, "जंपिंग म्हणा की, मास्तर!"

पण जंपिंग म्हणजे नुसती उडी. या साधनाचे खरे नाव आहे ट्रॅम्पोलिन. नाव जरा अवघड आहे. सावकाश वाचा: ट्रॅम्-पो-लिन. हे नाव आले कोठून, ते आता पाहू.

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. तेथे जॉर्ज निसेन नावाचा एक मुलगा होता. त्याला कसरतीचा भारी नाद. एकदा तो सर्कस पाहायला गेला. झोक्यावरचे कसरतपटू खेळ संपला की खालच्या जाळीत उडी टाकत. जाळी त्यांना पुन्हा थोडे वर उडवी. जॉर्जच्या मनात आले, जाळीने असेच वर उडवत राहिले तर किती कसरती करता येतील!

पुढे 1934 साली त्याने आणि लॅरी ग्रिसवोल्ड यांनी आयोवा विद्यापीठात असे साधन तयार केले. लोखंडी चौकट घेतली, मध्ये कॅनव्हासचे कापड घातले आणि ते चौकटीला ताणून बसवले.

साधन झाले, पण नाव काय ठेवावे? 1937 च्या सुमारास जॉर्ज मेक्सिको देशात कसरतीचे खेळ करीत फिरत होता. तेथे स्पॅनिश भाषा बोलतात. पोहणारे लोक ज्या लवचीक फळीवरून पाण्यात सूर मारतात, त्या फळीला स्पॅनिशमध्ये 'ट्राम्पोलीन' म्हणतात. हा शब्द जॉर्जच्या कानाला गोड लागला. त्याने त्याला शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडले आणि आपल्या मालाचे नाव म्हणून त्याची नोंदणी केली.

स्पॅनिशमध्ये हा शब्द इटालियन भाषेतून आला. इटालियनमध्ये 'ट्राम्पोली' म्हणजे पायाला लावून चालायच्या उंच काठ्या. त्याच्याही मुळाशी पाय आपटण्याचा अर्थ आहे. पाहा, एका शब्दाने किती गावचे पाणी प्यायले!

पुढे आणखी गंमत झाली. कोणीही बनवलेल्या अशा साधनाला लोक ट्रॅम्पोलिनच म्हणू लागले. आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणत, तसेच हे झाले. मालकाचा शब्द सगळ्यांचा झाला.

2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. तो पाहायला म्हातारे निसेन स्वतः हजर होते. 2010 साली, वयाच्या 96 व्या वर्षी ते वारले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आम्ही त्या यात्रेत उभे असताना खेळवाल्याने पाच-सहा मुले एकदम आत सोडली. त्यात एक दांडगा मुलगा होता, आणि एक चिमुरडी पोर. मुलगा जोरात आदळला. त्याच क्षणी पोर भलतीकडे फेकली गेली आणि हातावर पडली. हात सुजला. तिची आई रडू लागली.

हे असे का होते? आपण पडलो की कापड खाली दबते आणि कडेच्या स्प्रिंगा ताणल्या जातात. आपल्या पडण्याचा जोर त्यांत साठतो. स्प्रिंगा आखडल्या की तोच जोर आपल्याला वर फेकतो. माणूस एकटा असेल, तर त्याचाच जोर त्याला परत मिळतो. पण दोघे असले, तर जड माणसाचा जोर हलक्याला मिळतो. मग हलक्याला तोल सावरत नाही. म्हणून या खेळात बऱ्याच दुखापती अनेक जण एकदम उड्या मारताना होतात, आणि लहान मूल आधी सापडते.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. एका वेळी एकच मूल आत सोडा. उडी मधोमध मारावी, कडेला नाही. कोलांटी मारू देऊ नये. आणि मोठ्या माणसाने जवळ उभे राहून लक्ष ठेवावे.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातल्या एका बाईंनी खडू घेतला. खेळवाल्याच्या पाटीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, "एका वेळी एकच मूल." दोन महिन्यांपूर्वी त्यांना सही येत नव्हती. खेळवाल्याने पाटी वाचली. थोडी कुरकुर केली, पण मुलांची रांग लावली.

वाचकहो, यंदाच्या यात्रेला जाल तेव्हा पाटी वाचा. हे वाक्य तेथे नसेल, तर तुम्ही लिहा. आता तुम्हाला लिहिता येते.