स्थळ पाहणे आणि स्थळ वाचणे : क्वालालंपूर

प्रास्ताविक

एखाद्या शहरात पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले की उत्तरादाखल स्थळांची यादी मिळते. यादीमुळे स्थळ सापडते. परंतु ते तेथे का आहे, हे तिच्यातून कळत नाही. प्रस्तुत घटकात आपण मलेशियाची राजधानी क्वालालंपूर येथील काही प्रसिद्ध स्थळांचा परिचय करून घेणार आहोत. मलय, चिनी आणि भारतीय वंशाचे लोक येथे शतकाहून अधिक काळ शेजारी म्हणून राहत आले आहेत. म्हणून या शहराला बहुसांस्कृतिक म्हटले जाते. या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे समजून घ्यायचे असेल, तर प्रत्येक स्थळापाशी तीन प्रश्न मनात ठेवा : हे कोणी बांधले? कोणासाठी बांधले? आज येथे कोण येते?

संगम आणि पेठ

'क्वाला' म्हणजे नदीमुख किंवा संगम आणि 'लुंपूर' म्हणजे चिखल. गोम्बाक आणि क्लांग या दोन नद्यांच्या संगमावर हे शहर वसले. १८५७ साली क्लांगचे मलय सरदार राजा अब्दुल्ला यांनी कथिलाच्या शोधासाठी ८७ चिनी खाणकामगार या भागात पाठविले. त्यांतील बरेच जण हिवतापाने दगावले. तरीही खाणी सुरू झाल्या आणि संगमावर पेठ उभी राहिली. चिनी समाजाचे प्रमुख याप आह लॉय यांनी पुढे ही पेठ सांभाळली. १८८१ मध्ये आग आणि पूर अशी दोन्ही संकटे आल्यावर लाकूड व गवताच्या घरांऐवजी विटांची घरे बांधली जाऊ लागली. शहराच्या ज्या भागात विटा तयार होत, त्याचे नाव आजही 'ब्रिकफील्ड्स' असेच आहे. पुढे तेथे रेल्वेत काम करणाऱ्या भारतीयांची वस्ती झाली. म्हणजेच मलय सरदाराची भूमी, चिनी कामगारांचे श्रम आणि ब्रिटिशांची सत्ता यांतून हे शहर घडले. येथील विविधतेच्या मुळाशी कथिलाचा व्यापार होता, हे ध्यानात घ्यावे.

घुमट कोणाचा?

संगमावरच १९०९ साली बांधलेली जामेक मशीद आहे. तिचे घुमट आणि कमानी पाहून ही मलय मुस्लिमांची पारंपरिक वास्तुशैली असावी, असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. जुन्या मलय मशिदी लाकडी असत आणि त्यांची छपरे एकावर एक चढत जाणारी, उतरती असत. जामेक मशिदीचा आराखडा आर्थर बेनिसन हबॅक या इंग्रज वास्तुरचनाकाराने केला आणि त्यासाठी उत्तर भारतातील मुघल वास्तूंचे रूप उसने घेतले. नदीपलीकडे १८९७ मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी बांधलेली सुलतान अब्दुल समद इमारतही याच वळणाची आहे. मुंबईचे मुख्य टपाल कार्यालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही इंडो-सारासेनिक शैली ओळखीची वाटेल. मुस्लिम प्रजेला शोभेल ते रूप कोणते, हे येथे राज्यकर्त्यांनी ठरविले होते.

या इमारतीसमोरच्या मैदानावर ३१ ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री ब्रिटिश ध्वज उतरविण्यात आला. स्वतंत्र देशाने १९६५ मध्ये जवळच राष्ट्रीय मशीद बांधली, तेव्हा तिला मुघल घुमट दिला नाही. तिचे छप्पर अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखे आहे. पावसाळी देशातील ही रोजची वस्तू राष्ट्रीय वास्तूचे रूप ठरली. दोन्ही मशिदी एकाच दिवशी पाहिल्या, तर परक्याने दिलेली ओळख आणि स्वतः निवडलेली ओळख यांतील भेद समोर उभा राहतो.

एका रस्त्यावरील दोन देवळे

जुन्या चिनी पेठेत श्री महामारियम्मन हे तमिळ देवीचे मंदिर आहे. तंबूसामी पिळ्ळै यांनी १८७३ साली त्याची स्थापना केली. त्याच रस्त्यावर, थोड्या अंतरावर, ग्वान दी या चिनी देवतेचे मंदिर आहे. एका देवळात नादस्वरम वाजतो, तर दुसऱ्यात उदबत्त्यांच्या मोठ्या वळ्या लटकतात. प्रत्येकाने आपली उपासना आपल्या रीतीने टिकविली आहे. येथील संस्कृती विरघळून एकजीव झालेल्या नाहीत. त्या लगत उभ्या आहेत.

तमिळ पंचांगातील थाई महिन्यात थैपूसम हा उत्सव येतो. त्या वेळी या मंदिरातून निघणारा रथ शहराच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर असलेल्या बाटू गुंफांकडे जातो. चुनखडीच्या डोंगरातील या गुंफांत मुरुगनचे, म्हणजेच आपल्या कार्तिकेयाचे, देवस्थान आहे. पायथ्याशी २००६ मध्ये उभारलेली ४२.७ मीटर उंचीची मूर्ती आहे आणि वर जाण्यास २७२ पायऱ्या आहेत. कावडी घेऊन या पायऱ्या चढणाऱ्यांत काही चिनी भाविकही असतात. येथे मात्र लगत उभे राहण्याच्या पुढे एक पाऊल पडलेले दिसते.

मनोरे आणि गाव

सीझर पेली यांनी रचलेले पेट्रोनास जोडमनोरे ४५२ मीटर उंच असून त्यांचे ८८ मजले आहेत. १९९८ ते २००४ या काळात त्या जगातील सर्वांत उंच इमारती होत्या. त्यांच्या तळरचनेत इस्लामी नक्षीतील अष्टकोनी तारा आहे. मनोऱ्यांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कंपुंग बारू, म्हणजे 'नवे गाव', आहे. १९०० च्या सुमारास वसाहत सरकारने मलय लोकांसाठी ही शेतीची वसाहत राखून ठेवली. खांबांवर उभारलेली काही लाकडी घरे तेथे आजही आहेत.

या गावाचे नाव एका दुःखद घटनेशीही जोडलेले आहे. सार्वत्रिक निवडणुकीनंतर १३ मे १९६९ रोजी मलय आणि चिनी समाजांत दंगल उसळली. तिची सुरुवात या परिसरात झाली. सरकारी आकड्यानुसार १९६ जण मृत्युमुखी पडले आणि संसदेचे कामकाज १९७१ पर्यंत स्थगित राहिले. त्यानंतर समाजांतील आर्थिक विषमतेचा प्रश्न देशाच्या धोरणाच्या केंद्रस्थानी आला. शेजार असला म्हणजे सलोखा आपोआप येतो असे नाही. तो राखावा लागतो, आणि कोणाच्या वाट्याला काय येते यावर तो बराचसा अवलंबून असतो.

शब्दांतील शेजार

भाषेच्या अभ्यासकाने इमारतींवरील पाट्याही वाचाव्यात. नगरपालिकेचे नाव 'देवान बंदराया' असे आहे. यातील 'देवान' म्हणजे आपला 'दिवाण' आणि 'बंदर' म्हणजे आपले 'बंदर'. दोन्ही शब्द फारसीतून दोन्ही भाषांत आले. मात्र मलय भाषेत 'बंदर' म्हणजे शहर. १९८० च्या दशकात पाडण्याच्या बेतातून वाचलेल्या जुन्या मंडईला आता 'पासार सेनी', म्हणजे कलाबाजार, म्हणतात. 'पासार' हा 'बाजार'च होय. 'नगारा' म्हणजे राष्ट्र, आणि त्याचे मूळ संस्कृत 'नगर' आहे. स्वातंत्र्याचा 'मर्देका' हा शब्दही संस्कृत 'महर्द्धिक' यावरून आलेला आहे. शब्द गलबतांतून आले, रुळले आणि नव्या अर्थाने नांदू लागले.

सारांश

क्वालालंपूरमधील स्थळे निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र स्मारके वाटली, तरी त्यांच्या घडणीत अनेकांचे हात आहेत. बहुसांस्कृतिकता म्हणजे श्रम, सत्ता, श्रद्धा आणि भाषा यांचा सतत चाललेला, कधी तुटणारा, पुन्हा जुळवावा लागणारा व्यवहार होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. जामेक मशीद आणि राष्ट्रीय मशीद यांच्या रूपांतील फरकामागील कारणे स्पष्ट करा.

२. 'शेजार' आणि 'सलोखा' यांतील भेद या घटकातील उदाहरणांच्या आधारे विशद करा.

३. आपल्या गावातील किंवा शहरातील एका जुन्या वास्तूस भेट द्या. प्रास्ताविकात दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधून दोनशे शब्दांत टिपण लिहा.