उन्हाळी, भर डिसेंबरात

मावशीला उन्हाळी लागली ती डिसेंबरात. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. मग अँटिबायोटिकचा कोर्स. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तीच जळजळ. वर्षात असे चार कोर्स झाले. एसटीनं कुठं जायचं असेल तर ती सकाळचा चहा टाळू लागली. पाळी कधी गेली, हे तिला कुणी विचारलं नाही. आणि खाली कोरडं पडतं, बसताना टोचतं, हे तिनंही सांगितलं नाही.

योनिमार्ग, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ, तिन्हींचं अस्तर इस्ट्रोजेनवर पोसतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं, अस्तर पातळ होतं, त्यातलं ग्लायकोजेन घटतं. त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे विरजणातल्या जंतूंचे भाऊबंद, आम्ल तयार करून परक्या जंतूंना रोखतात. ते उपाशी पडले की आतड्यातले जंतू लघवीच्या वाटेशी ठाण मांडतात. (दही लावून हे सुधारत नाही. तो प्रयोग केलेल्या बायका मला भेटल्या आहेत.) अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात; हे दुखणं उपचाराविना सहसा हटत नाही. डॉक्टरी पुस्तकांत याला पूर्वी ‘सेनाइल व्हजायनायटिस’ म्हणत. २०१४ साली ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ हे नाव ठरलं, तेव्हा कुठं लघवीची तक्रार नावात आली.

पुरावा मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. इस्राएलमधल्या ९३ बायकांवरचा राझ आणि स्टॅम यांचा अभ्यास १९९३ साली छापून आला. पाळी गेलेल्या, लघवीचा संसर्ग वारंवार होणाऱ्या या बायकांपैकी काहींना योनिमार्गात लावायला एस्ट्रिऑलचं क्रीम दिलं, बाकीच्यांना औषध नसलेलं. साध्या क्रीमवाल्यांना वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला, एस्ट्रिऑलवाल्यांना ०.५ वेळा.

तरी भीती आहेच. २००२ साली अमेरिकेत पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांची मोठी चाचणी थांबवली गेली, कारण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले. तिथं तोच इशारा या क्रीमच्या खोक्यावरही चिकटला. हिशेब करून बघा: एस्ट्रॅडिऑलची योनीत ठेवायची गोळी १० मायक्रोग्रॅमची, दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. वर्षाचे झाले १.१४ मिलिग्रॅम, पोटातून घ्यायच्या साधारण एका दिवसाच्या गोळीएवढे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून ही योनीतली गोळी पन्नाशीपुढच्या, पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला चिठ्ठीशिवाय मिळते. अमेरिकेच्या एफडीएनं तो इशारा हटवत असल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईनं मात्र आधी कर्करोगतज्ज्ञाला विचारावं. आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर आधी तपासणी, मग क्रीम.

आपल्याकडे हा विषय पन्नाशीपुढच्यांपुरता नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यात तिशीतल्याही होत्या. पिशवीबरोबर अंडाशयही गेले, तर इस्ट्रोजेन एकाएकी तुटतं. त्यातून फडात आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं. तिथं या क्रीमचं नाव कुणी काढत असेल, असं मला वाटत नाही.

मावशीला शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी एस्ट्रिऑलची ट्यूब लिहून दिली. तिनं आतला कागद भिंगातून वाचला आणि ट्यूब महिनाभर कपाटात ठेवली. आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेन्सिलीचं टिंब असतं. सुनेनं विचारलं तर म्हणते, देवीचे वार आहेत.