जायरो चालू करू की नको?

मोहन्यातून आंबिवलीला यायचं, लोकल पकडायची आणि बसायला मिळालं की बीजीएमआय उघडायचं, हा आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचा रोजचा कार्यक्रम. जायरोस्कोप मात्र अनेकांनी बंदच ठेवलेला असतो.

मूळ पबजी २०१७ मध्ये पीसीवर आला. नेम माऊसने धरायचा. २०१८ मध्ये तो फोनवर आला आणि माऊसचं काम उजव्या अंगठ्यावर पडलं. वर गोळी झाडायची तीही बहुतेकदा त्यानेच. जायरोमुळे नेमाचं काम मनगटाकडे जातं. गोळीबारात बंदूक वर उडते तेव्हा फोनची वरची कड किंचित पुढे झुकवा, नेम खाली येतो.

पण दुसऱ्या मशीनवरून आलेल्या प्रत्येक गेमला हलवाहलवी मानवत नाही. 'रेसिडेंट ईव्हिल ४' २००५ मध्ये गेमक्यूबवर आला, २००७ मध्ये वीवर. तिथे रिमोट टीव्हीकडे रोखून नेम धरायचा. मस्त जमलं! उलट 'झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या वी आवृत्तीत तलवार चालवायला रिमोट झटकायचा. कसाही झटका, वार ठरलेलाच. म्हणजे काम बटणाचंच, वर हात दुखणार.

आता लोकलचं. जायरो फोन फिरण्याचा वेग मोजतो, गाडीचा नाही. सरळ रुळावर अडचण नाही, पण गाडी वळली की तुमच्यासकट फोनही वळतो आणि नेम हळूच सरकतो. म्हणून प्रवासात 'स्कोप ऑन' ठेवा, म्हणजे स्कोप उघडल्यावरच जायरो चालेल. सेन्सिटिव्हिटी कमीपासून सुरू करा. सुरुवातीला नेम आणखी बिघडेल, तेवढे दिवस ट्रेनिंग ग्राउंडवरच काढा.