खेळाचा आरंभ पायांपासून

आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या परिसरात पारगाव म्हणून गाव आहे. मंचर सोडून पूर्वेकडे जाऊ लागले की दुतर्फा उसाची शेते लागतात, आणि भीमाशंकर सहकारी साखर कारखानाही ह्याच गावच्या शिवारात आहे. आमच्या वडील बंधूंचे घर तेथेच. गेल्या दिवाळीत मी तेथे गेलो, तो फराळाच्या ताटावरच एक वाद रंगलेला आढळला. वादाचा विषय होता अंगणात बांधलेली बॅडमिंटनची जाळी.

हकीकत अशी. वहिनींचे वय बावन्न. रक्तातील साखर थोडी वाढलेली आढळल्यामुळे डॉक्टरांनी त्यांस रोज अर्धा तास भरभर चालण्यास सांगितले होते. शहरातील मनुष्यास हा सल्ला अगदी सोपा वाटेल. परंतु जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याने आपले घरच थाटले आहे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, म्हणजे गृहिणीस जी काय थोडी सवड मिळते नेमकी त्याच वेळी, उसाच्या कडेने एकटीने फिरावयास जाणे शहाणपणाचे नव्हे. तेव्हा चालणे राहिले ते राहिलेच. पुढे सुट्टीत घरी आलेल्या पुतणीने अंगणात जाळी बांधली; वहिनींनी पदर खोचून सहज रॅकेट हाती घेतली, आणि तो खेळ त्यांस मनापासून आवडला. पाचव्या दिवशी कडेला पडू पाहणारे फूल गाठण्यासाठी त्या धावल्या, घोटा आत वळला आणि त्या मटकन खाली बसल्या. तेव्हापासून दादांचे एकच पालुपद : "ह्या वयात हे खूळ हवे कशाला? ती जाळी सोडा पाहू!"

मी वहिनींचे बूट पाहावयास मागितले. ते पुतणीचे धावण्याचे बूट होते. टाच चांगली जाड व मऊ, आणि माप बोटभर मोठे. मी म्हटले, "दादा, गुन्हा ह्या बुटांचा आहे. तुम्ही शिक्षा जाळीला देता."

धावणारा मनुष्य सरळ पुढे जातो, म्हणून त्याच्या बुटाची टाच उंच आणि मऊ ठेवतात. रॅकेटच्या खेळात पाय निम्मा वेळ आडवा पडतो. अशा वेळी उंच मऊ टाच एका बाजूस दबते आणि वरचा घोटा कलंडतो. बॅडमिंटनच्या बुटाचा तळ पातळ, सपाट आणि चिकट रबराचा असतो. त्याच्या कडा रुंद व कणखर असतात. टेनिस कठीण मैदानावर खेळतात, म्हणून त्याच्या बुटाचा तळ अधिक जाड आणि न झिजणारा करतात. अंगणात किंवा फरशीवर खेळणाऱ्यास हा टेनिसचा बूटच अधिक टिकतो. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. खेळताना जे मोजे घालावयाचे तेच घालून तो पाहावा. अंगठ्यापुढे नखाएवढी जागा राहावी, पण टाच मात्र हलू नये. चपला घालून किंवा अनवाणी खेळणे वाईटच. परंतु दुसऱ्याचे बूट घालून खेळणे त्याहून वाईट, कारण त्यात सुरक्षिततेचा खोटा भरवसा असतो.

दादांचा दुसरा आक्षेप असा की हा आपल्या घरातला खेळ नव्हे. वास्तविक हा खेळ जितका विलायतेचा तितकाच पुण्याचा. पुण्याच्या लष्करातील इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो खेळत, आणि आरंभी 'पूना' हेच त्याचे एक नाव होते. पुढे इंग्लंडातील ड्यूक ऑफ बोफोर्ट ह्यांच्या 'बॅडमिंटन' नामक वाड्याचे नाव त्यास चिकटले. आपल्या सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी तर ह्या खेळांत नाव काढले आहे. संस्कृत पंडिता क्षमा राव ह्या स्वतः टेनिसपटू होत्या. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विंबल्डन येथे सामना जिंकला, आणि तो मान मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. पुण्याच्या प्राध्यापक दि. ब. देवधरांच्या तारा, सुंदर व सुमन ह्या तिन्ही मुलींनी १९४० नंतरच्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय मैदाने गाजविली. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. पुढे बॅडमिंटनकडे वळून १९५६ साली मलायात त्यांनी आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. असे अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत.

देवधरांचे नाव निघताच दादांचे डोळे चमकले, कारण क्रिकेट हा त्यांचा जुना जिव्हाळा. मी विचारले, "१९४४ साली रणजी करंडकाच्या एकाच सामन्यात देवधरांनी दोन्ही डावांत शतके काढली, तेव्हा त्यांचे वय काय होते?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बावन्न." पुढे बोलण्याची गरज उरली नाही.

तथापि दादांची भीती सर्वस्वी निराधार होती असे मी म्हणणार नाही. चाळिशी-पन्नाशीत एकाएकी खेळावयास लागणाऱ्यास दुखापत होते, आणि तिचे कारण बहुधा उतावळेपणा हेच असते. दम लवकर वाढतो. स्नायूही काही आठवड्यांत तयार होतात. परंतु स्नायूंस हाडांशी जोडणाऱ्या दोरांस बळ येण्यास महिने लागतात. पोटरी व टाच ह्यांमधील जाड दोर तुटतो तो ह्याच वयात. त्या वेळी मागून कोणी लाथ मारली असा भास होतो, आणि वळून पाहावे तो मागे कोणी नसते! अशा मनुष्यास त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. त्याने त्याच दिवशी अस्थिवैद्याकडे जावे.

घोटा मुरगळल्यास आपल्याकडे तेल लावून चोळण्याची किंवा गरम लेप घालण्याची चाल आहे. पहिले दोन-तीन दिवस ह्यांतले काहीच करू नये. त्याने सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवावा, ताणाची पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. दुखणे ओसरू लागले की मात्र अंथरूण धरून बसू नये. सोसवेल तेवढे हळूहळू चालू लागावे.

हाताची गोष्ट निराळी. रॅकेट आवळून धरली की कोपराची बाहेरची बाजू दुखू लागते. ओले फडके पिळतानाही कळ येते. ह्यास उपाय म्हणजे सैल मूठ. एखाद्याच्या हातात हात द्यावा तशी रॅकेट धरावी, आणि फटका मारण्याच्या क्षणीच बोटे आवळावी. जोडीने खेळताना पुढच्याने मागे वळून साथीदाराकडे पाहू नये, कारण फूल डोळ्यावर बसले तर दृष्टीस अपाय होतो.

आरंभ कसा करावा, हे वहिनींसाठी मी कागदावर लिहून दिले. पहिले सहा आठवडे फक्त पाय : स्वयंपाकघरात ओट्याचा आधार घेऊन चवड्यांवर वर-खाली होणे, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आळीपाळीने एका पायावर तोल सांभाळणे. पुढे आठवड्यातून तीनच दिवस, अर्धा तास खेळ; त्याआधी दहा मिनिटे अंग गरम करणे. प्रथम गुण मोजूच नयेत, कारण गुण मोजू लागले की मनुष्य वय विसरतो. अंगणातील खडे वेचून घ्यावे आणि सडा वाळल्याखेरीज पाऊल टाकू नये. वाऱ्यात पिसांचे फूल भरकटते, तेथे नायलॉनचे बरे. दिवेलागणीपूर्वी खेळ आटोपून सर्वांनी घरात यावे. ज्यांस हृदयविकार किंवा रक्तदाब आहे, त्यांनी आधी वैद्यास विचारावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कोपनहेगन येथे साडेआठ हजारांवर माणसांची पंचवीस वर्षे पाहणी करून २०१८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. बैठ्या माणसांपेक्षा बॅडमिंटन खेळणारे सुमारे सहा वर्षे व टेनिस खेळणारे सुमारे साडेनऊ वर्षे अधिक जगले, असे त्यात आढळले. हे आयुष्य केवळ खेळाने वाढले असे त्यावरून सिद्ध होत नाही. खेळणारे मुळातच सुस्थितीतले असू शकतात. परंतु ह्या खेळांस दुसरे माणूस लागतेच, आणि त्या सोबतीचाही वाटा असावा असा त्या संशोधकांचा तर्क आहे. मला तो पटतो. औषध एकट्याने घ्यावे लागते, खेळ एकट्याने होत नाही.

माघात मी पुन्हा पारगावास गेलो. जाळी जागच्या जागी होती. वहिनींच्या पायांत त्यांच्या स्वतःच्या मापाचे नवे बूट होते. पुतणी शिक्षणासाठी परत गेलेली. मग पलीकडे खेळावयास कोण, म्हणून मी डोकावून पाहिले. जाळीपलीकडे दादा उभे होते, आणि त्यांच्याही पायांत नवे बूट होते.