बुधवारी उजाडलेला गुरुवार

बाळांनो, रोजनिशी लिहिणाऱ्याने एखादा दिवस गाळला तर आपण त्याला आळशी म्हणतो. पण पाचशे वर्षांपूर्वी आंतोनिओ पिगाफेत्ता नावाच्या माणसाने समुद्रावर एकही दिवस न चुकवता नोंदी ठेवल्या, आणि तरी त्याच्या हिशेबातून अख्खा एक दिवस नाहीसा झाला. कसा, ते ऐका.

पिगाफेत्ता इटलीतल्या विचेन्झा गावचा. मसाल्यांची बेटं पश्चिमेकडून गाठायला निघालेल्या मॅगेलन नावाच्या कप्तानाच्या ताफ्यात तो होता. २० सप्टेंबर १५१९ रोजी पाच जहाजांनी स्पेनचा किनारा सोडला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळची सामुद्रधुनी ओलांडून त्यांतली तीन पॅसिफिक महासागरात शिरली, आणि मग पाणी काही संपेना. तीन महिने वीस दिवस ताजं अन्न नाही. बिस्किटांचा उरला तो किडे पडलेला भुगा, प्यायला पिवळं कुजकं पाणी. डोलकाठीच्या आडव्या वाशाला गुंडाळलेलं बैलाचं कातडंसुद्धा त्यांनी चार-पाच दिवस समुद्रात भिजवून, निखाऱ्यांवर भाजून खाल्लं. कित्येकांच्या हिरड्या इतक्या सुजल्या की घास चावता येईना. त्यातच ते गेले. हा स्कर्व्ही. क जीवनसत्त्व मिळालं नाही की तो होतो, पण त्या बिचाऱ्यांना ते कोण सांगणार? अशा उपासमारीतही हा माणूस रोज लिहीत राहिला, याचं मला फार मोठं वाटतं.

पुढे फिलिपिन्समध्ये मॅगेलन लढाईत मारला गेला. एल्कानो नावाच्या दर्यावर्द्याने 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज आफ्रिकेला वळसा घालून परत आणलं. जुलै १५२२ मध्ये ते केप व्हर्दे बेटांपाशी थांबले. अन्न आणायला होडी किनाऱ्यावर धाडली, आणि सांगितलं, आज वार कोणता तेही विचारून या. उत्तर आलं, गुरुवार. जहाजावर तर बुधवार! पिगाफेत्ता चकित झाला. तो कधी आजारी पडला नव्हता, एकही नोंद राहिली नव्हती.

आणि खरंच, चूक कुणाचीच नव्हती. आता नीट लक्ष द्या. नागपुरात सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर सुमारे पंचवीस मिनिटांनी तो मुंबईत माथ्यावर येतो. म्हणजे नागपूरहून मुंबईला येणाऱ्याचा तो दिवस पंचवीस मिनिटांनी लांबतो. पश्चिमेला दर पंधरा अंशांमागे एक तास. व्हिक्टोरियावरच्या खलाशांचा प्रत्येक दिवस असाच सरासरी सव्वा-दीड मिनिटाने लांबत होता. एवढंसं कुणाला कळणार? पण पृथ्वीची फेरी ३६० अंशांची, म्हणजे बरोबर चोवीस तास. सूर्य किनाऱ्यावरच्या लोकांना जितक्या वेळा उगवताना दिसला, त्याहून एकदा कमी तो यांना दिसला. पृथ्वीला खरोखर वळसा पडला, याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

६ सप्टेंबर १५२२ रोजी व्हिक्टोरिया स्पेनला पोचली, तेव्हा तिच्यावर फक्त अठरा युरोपीय माणसं उरली होती. पिगाफेत्ता त्यांतला एक.

पूर्वेकडून फेरी मारली तर उलटं घडतं, दिवस आखूड होत जातात. २००९ मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटेच निघाले, ते पूर्वेच्या वाटेने. त्या दिशेने पॅसिफिकमधली वाररेषा, म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, ओलांडताना एकच तारीख लागोपाठ दोनदा मोजावी लागते.