असं का होतं? : बोअर केलेल्या इंजिनाची टकटक

ढाणकीहून उमरखेडकडे निघालेली जुनी पेट्रोल गाडी, आत सहा माणसं, आणि ड्रायव्हर टॉप गिअर सोडायला तयार नाही. चढ आला की बॉनेटखालून टकटक सुरू, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. "बोअर केलीय, जोर बघा!" मालक कौतुकानं सांगतो. जोर खरा, पण टकटकही तिथूनच आलेली.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं. दाबली की हवा तापते. इंजिनात पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण असंच दाबतो, साध्या गाडीत साधारण दहाव्या हिश्शात. बोअर करणं म्हणजे सिलिंडर रुंद करणं. तो रुंद केला आणि हेडमधली जागा तेवढीच ठेवली, की जास्त मिश्रण तेवढ्याच जागेत कोंबलं जातं. मग प्लगच्या ठिणगीची आग पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक भडकतं. तो हादरा म्हणजे टकटक. पिस्टनला भोक पडतं ते अशानंच; त्यात बोअरमुळे सिलिंडरची भिंतही पातळ झालेली.

ऑक्टेन म्हणजे दाबल्यावरही आपसूक न भडकण्याचा इंधनाचा सोशिकपणा, ताकद नव्हे. साध्या गाडीत 100 ऑक्टेनचं पेट्रोल भरणं म्हणजे पैसे उडवणं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत असलेलं इथेनॉल, म्हणजे आपल्या ऊस-धान्याचंच लेकरू, भलतं सोशिक. वाफ होताना ते थंडावाही देतं. पण त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, आणि जुने रबरी पाइप ते खातं.

टकटक ऐकू आली तर आधी गिअर उतरवा, मग मेकॅनिककडून ठिणगीचं टायमिंग तपासून घ्या.