बीटल्सचा षड्ज आणि मलपृष्ठावरचे नाव

भिवंडीत निवांत संगीत ऐकायचे, तर वीज जाण्याची वाट पाहावी लागे. यंत्रमाग थांबले, की मी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर काढी. बीटल्सची ‘रिव्हॉल्व्हर’ मी अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी कॅसेटवर प्रथम ऐकली. मी संगीत रीतसर शिकलेलो नाही. कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिता लिहिता जे वाचले-ऐकले, तेवढीच माझी शिदोरी. तरीही ‘लव्ह यू टू’ सुरू झाले आणि कान टवकारले. तो तबला ओळखीचा वाटला.

रॉकवरील बीटल्सच्या प्रभावाची चर्चा निघाली, की सतारीचा उल्लेख हटकून होतो. १९६५ च्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजवली, पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या ‘पेंट इट ब्लॅक’मध्येही ती आली. बरीच वर्षे मीही हाच प्रभाव धरून चाललो होतो. पण सतारीची ती लाट लवकरच ओसरली. टिकले ते वेगळेच.

‘नॉर्वेजियन वुड’मधली सतार हा अलंकार आहे, तिच्या जागी गिटार घातली तरी गाणे उभे राहते. एप्रिल १९६६ मध्ये मुद्रित झालेल्या ‘लव्ह यू टू’चे तसे नाही. आरंभी आलापासारखी मुक्त सतार, मग ठेका, शेवटी वाढती लय, हा तीन मिनिटांतला क्रम आपल्या मैफलीचा आहे. एरवी रॉकचे गाणे कॉर्ड बदलत पुढे सरकते. इथे ते जवळजवळ एकाच षड्जावर स्थिर आहे. त्याच महिन्यातल्या ‘टुमारो नेव्हर नोज’चा आधार तर तंबोऱ्याचा अखंड नाद, तोच ठेका घोटणारा ड्रम आणि टेपचे फिरते तुकडे हा आहे. कॉर्ड फारशा न बदलताही गाणे खिळवून ठेवते, हे या दोन रचनांनी रॉकच्या प्रचंड श्रोतृवर्गापर्यंत पोचवले. एका स्वराभोवती दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या पुढच्या रॉकला त्यामुळे वाट मोकळी झाली, असे माझे मत आहे.

‘लव्ह यू टू’चा तबला अनिल भागवत यांचा. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत ते तिथे पोचले. हॅरिसन यांनी रविशंकरांच्या धाटणीचा सोळा मात्रांचा ठेका सुचवला आणि उपजेची मोकळीकही दिली, असे भागवत यांनी पुढे सांगितले आहे. ‘रिव्हॉल्व्हर’च्या मलपृष्ठावर त्यांचे नाव छापलेले आहे. १९६७ च्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये दिलरुबा वाजवणारे अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांची नावे मात्र वेष्टनावर आली नाहीत.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आले आणि ‘द इनर लाइट’चा वाद्यभाग एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्याच वादकांकडून मुद्रित झाला. स्टुडिओ ध्वनिरोधक नव्हता. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या, की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे. हे वाचले तेव्हा मला आमचे यंत्रमाग आठवले.

प्रभावाचा इतिहास आपण बँडच्या नावाने लिहितो. पण तो स्वर कोणाच्या तरी बोटांतून आलेला असतो. आमच्या गावच्या कापडावर विणणाऱ्याचे नाव नसते. ध्वनिमुद्रिकेवर वाजवणाऱ्याचे नाव देता येते, हे १९६६ मध्येच सिद्ध झाले होते. राहिलेली नावे जोडण्याचे काम आता आपले.